ओसरीवरचे प्रश्न

आमच्या गावात पूर्वी मोठ्या माणसांपैकी सर्वांत काटेकोर धर्मशिक्षण कुणाला मिळत असेल, तर ते सुईणीला. हे मला आजीने सांगितलं तेव्हा मी शाळेत होते आणि मला ते खरं वाटलं नव्हतं. पुढे एका फादरांनी चर्चच्या १९१७ सालच्या कायद्यातलं कलमच दाखवलं. धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनी भाविकांना, विशेषतः सुईणी, डॉक्टर आणि शल्यवैद्य यांना, जिवावरच्या प्रसंगी स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, कसा द्यायचा हे नीट शिकवावं, असं त्यात म्हटलं आहे. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, वाड्यांमध्ये आणि विहिरींच्या रहाटांमध्ये वसलेल्या आमच्या गावात त्या काळी डॉक्टर कुठला? बाळंतपणं घरातच व्हायची. म्हणून ती सगळी शिकवणी एकट्या सुईणीच्या वाट्याला यायची.

आजी सांगायची, नवी सुईण हाताशी आली की पाद्रीबाबा तिला देवळामागच्या खोलीत बोलावून घेत. समोर पाण्याचं भांडं आणि कापडाची बाहुली. पाणी बाळाच्या डोक्यावरून वाहिलं पाहिजे, नुसतं ओलं बोट टेकवून भागत नाही. तीनदा घालायचं, त्याच दमात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्याचं नाव घ्यायचं, आणि पाणी घालणारीनेच ते नाव घ्यायचं. एकीने पाणी घातलं आणि दुसरीने शब्द म्हटले तर तो संस्कार होत नाही. मग पाद्रीबाबा परीक्षा घेत. घरात पाणी नसेल तर दूध चालेल का? नाही. शहाळ्याचं पाणी? नाही. विहिरीचं गढूळ पाणी? ते चालेल, पाणी आहे ना ते. बाळ जिवंत आहे की नाही कळत नसेल तर? तर "तू जिवंत असशील तर" असं आधी म्हणायचं आणि मग पाणी घालायचं. बाळ गेलंच आहे अशी खात्री असेल तर? तर घालायचं नाही. संस्कार जिवंतांसाठी असतात.

अक्षराची ओळख नसलेली ती सुईण एवढं सगळं बिनचूक सांगायची. रात्री-अपरात्री, चिमणीच्या उजेडात, एका हाताने बाळाला धरून दुसऱ्या हाताने ती चर्चच्या वतीने संस्कार द्यायची. मुंबईच्या एका इस्पितळात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या आमच्या शेजारच्या मुलीने मागे मला विचारलं, "बाई, आम्ही नर्सनी दिलेला बाप्तिस्मा खरंच धरला जातो का?" मी तिला सुईणीची ही हकीकत सांगितली आणि पाणी कसं घालायचं तेही दाखवलं.

बाकीच्या गावाचं शिक्षण कानाने व्हायचं. मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, लॅटिनमध्ये. पाद्री वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून. आजी आणि तिच्या वयाच्या बाया लाल लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन पूर्ण मिस्साभर जपमाळ ओढत बसत. घंटा वाजली की मान वर करायची, पुन्हा वाजली की खाली. काय चाललंय ते त्यांना ठाऊक होतं. शब्द कळत नव्हते, क्षण मात्र नेमका कळायचा. आजोबा लहानपणी वेदीसेवक होते. लॅटिन उत्तरं त्यांना शेवटपर्यंत पाठ होती. त्यांचा अर्थ त्यांना कुणी कधी सांगितला नव्हता, आणि विचारायचं असतं हेही कधी मनात आलं नव्हतं. प्रवचन तेवढं मराठीत. उपवासकाळात दुःखसहनाची प्रवचनं असत आणि गुड फ्रायडेला क्रूसावरून प्रभूची मूर्ती उतरवली की सगळं देऊळ रडायचं. आजी म्हणायची, "आम्ही बायबल वाचलं नाही, आम्ही ते पाहिलं."

मी हे कमी लेखत नाही. वसईचा इतिहास पाहिला तर याच कानाच्या शिक्षणाने हा समाज तगला. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांकडे आली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. पोर्तुगीज अधिकारी गेले, युरोपी संन्यासी गेले, किल्ल्यातली मोठमोठी चर्चेस ओस पडली. तहात मागे राहिलेल्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळायची मोकळीक होती. पण मोकळीक असून शिकवणारं कोण होतं? गोव्याहून आलेले मोजके देशी पाद्री गावोगाव फिरत आणि बाकी सगळं आयाबायांच्या तोंडी चालायचं. संध्याकाळची प्रार्थना, जन्ममृत्यूची गाणी, सण, उपास. छापलेलं पान घरात नसताना पिढ्यांमागून पिढ्या हे चालू राहिलं. एवढ्या मोठ्या कामाची नोंद कुठल्या दप्तरात नाही, कारण ते करणाऱ्यांना लिहिता येत नव्हतं.

मात्र या शिक्षणात एक गोष्ट नव्हती. त्यात प्रश्नाला जागा नव्हती. आणि मला हे अधिकच लागतं ते एका पुस्तकामुळे. माझे चुलत आजोबा प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांच्याकडे शांताराम बंडेलूंनी १९५६ मध्ये देवनागरीत आणलेलं 'ख्रिस्तपुराण' होतं. लाकडी पेटीत, धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं. पावसाळ्यात वाडीची कामं मंदावली की ते ओसरीवर बसून ओव्या मोठ्याने म्हणत आणि आम्ही पोरं भोवती बसायचो. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, तिथेच राहिला आणि १६१९ मध्ये वारला. मधल्या काळात त्याने मराठीत जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं पुराण रचलं. ते १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. जे टिकलं ते हातांनी उतरवून घेणाऱ्यांमुळे.

मास्तर आजोबा पुराण सुरू करताना दर वेळी आधी त्याच्या जन्माची गोष्ट सांगत. ती पुराणातच आहे. गोव्यातल्या साष्टीत धर्मशिक्षण चाललेलं असताना नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो: तुम्ही आमची जुनी पुराणं वाचायला मना केलीत, ठीक, मग त्यांच्या जागी वाचायला, गायला आम्हांला काही देत का नाही? नुसत्या प्रश्नोत्तरांनी आमचं मन कसं भरावं? पाद्री त्याला गप्प बसवत नाही. मागणी रास्त आहे असं धरून तो पुराण सांगायला बसतो. आजोबा इथे थांबून आमच्याकडे बघत आणि म्हणत, "बघा, एका मोठ्या माणसाने वर्गात हात वर केला म्हणून हे एवढं पुस्तक झालं." मराठीतला ख्रिस्ती साहित्याचा पहिला मोठा ग्रंथ एका प्रौढ शिकणाऱ्याच्या तक्रारीतून सुरू होतो, हे मला आजही विलक्षण वाटतं. त्या तक्रारीमागे नव्या ख्रिस्ती लोकांवर झालेली सक्ती होती, त्यांच्या हातून काढून घेतलेली पुस्तकं होती, हेही विसरता येत नाही. आणि १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्याच विरुद्ध फर्मान काढलं. प्रश्न विचारणाऱ्याची भाषाच नको असं ठरल्यावर प्रश्न कुठे उरणार?

आमच्याकडे प्रश्न परत आले ते १९६४ नंतर. त्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस मुंबईत आंतरराष्ट्रीय मिस्सा परिषद सुरू झाली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला पोप सहावे पॉल त्या निमित्ताने भारतात आले. पोप भारतात येण्याची ती पहिलीच वेळ. आजोबा बेसिन रोड (आताच्या वसई रोड) स्टेशनवरून गाडी पकडून, शिदोरी बांधून, ओव्हल मैदानावर गेले होते. पोप त्यांना लांबून पांढऱ्या ठिपक्याएवढे दिसले, पण ते सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. मास्तर आजोबांना मात्र दुसऱ्याच गोष्टीचं अप्रूप होतं. त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं की निरनिराळ्या धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना पोपनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना म्हटली. त्यांनी ते कात्रण 'ख्रिस्तपुराणा'त घालून ठेवलं.

त्याच सुमारास रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद चालू होती आणि उपासना लोकभाषेत करायची वाट तिने उघडली होती. थोड्याच काळात आमच्या देवळात मिस्सा मराठीत आली, वेदी पुढे सरकली, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहिले. आम्हां मुलांना मजा वाटली. आजीचं मात्र अवघड झालं. "आता फादरांचं ऐकायचं की जपमाळ ओढायची?" असं ती कितीतरी रविवार विचारत होती. तिचे हात रिकामे झाले होते. पण हळूहळू तिच्या लक्षात येऊ लागलं की रविवारी वाचले जाणारे उतारे म्हणजे गोष्टी आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच तिला ठाऊक नव्हत्या. घरी आल्यावर ती भाकरी थापता थापता विचारू लागली. अब्राहामाने पोराला मारायला नेलं तेव्हा त्या पोराच्या आईला विचारलं होतं का? मार्था राबत होती आणि मरिया बसून होती, तर प्रभूने मार्थाला का बोल लावला? वडील म्हणत, "आई, असं विचारू नये." ती म्हणे, "का? मराठीत सांगितलंय तर विचारणारच."

व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये दैवी प्रकटीकरणावरचा दस्तऐवज काढला. त्यात सर्व भाविकांना पवित्र शास्त्र सहज हाती लागलं पाहिजे असं म्हटलं आहे. आमच्या आधीच्या पिढ्यांत कॅथलिक घरात बायबल असणं ही नेहमीची गोष्ट नव्हती. बायबल म्हटलं की प्रोटेस्टंट असं लोक समजत. १९७१ च्या धर्मशिक्षणविषयक मार्गदर्शिकेने तर स्पष्टच सांगितलं की प्रौढांचं धर्मशिक्षण हा धर्मशिक्षणाचा मुख्य प्रकार मानावा, कारण पूर्ण जबाबदारीने विश्वास स्वीकारू शकतो तो प्रौढच. आठ वर्षांनी पोप दुसऱ्या जॉन पॉल यांनीही तेच सांगितलं. आणि तरी आमच्या धर्मग्रामात, आणि मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी, धर्मशिक्षण म्हणजे पहिली ते दहावीची मुलं असंच समीकरण राहिलं. दृढीकरणाचा संस्कार झाला की वह्या माळ्यावर. लग्न, आजार, कर्ज, मुलाचं व्यसन, आईबापांचं म्हातारपण, म्हणजे ज्या ज्या वेळी विश्वासाची खरी गरज लागते, त्या त्या वेळी माणसाजवळचं ज्ञान पंधराव्या वर्षीचंच असतं. मला यावर राग येतो, आणि तो राग आल्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

मोठ्यांसाठी पहिला वर्ग आमच्याकडे भरला तो ऐंशीच्या दशकात, हिवाळ्यात. वाडीचं शिंपणं आटोपून माणसं यायची. जागा शाळेतली, बाकं मुलांची. गुडघे बाकाखाली मावत नव्हते म्हणून सगळे तिरके बसलेले. फादर नुकतेच सेमिनरीतून आलेले, तरुण. त्यांनी थोडं बोलून सांगितलं, "आता तुम्ही विचारा." कुणी काही बोलेना. आयुष्यभर ऐकण्याची सवय असलेल्या लोकांना ही आज्ञा नवी होती. शेवटी एकाने शुक्रवारी मासे चालतात तर मटण का चालत नाही असं विचारलं. फादरांनी उत्तर दिलं. पुन्हा शांतता. मग आजी उठून उभी राहिली. तिला उभं राहायची गरज नव्हती.

"फादर, पाण्याविना गेलेलं बाळ कुठं असतं?"

आजीचं पहिलं मूल जन्मतःच गेलेलं, ऐन पावसात. सुईण चिखल तुडवत आली, तिने बाळ पाहिलं आणि पाण्याच्या भांड्याकडे हात नेला नाही. ती शिकल्याप्रमाणे वागली. तिला खात्री होती आणि खात्री असताना पाणी घालायचं नसतं. बाळाला दफनभूमीच्या पवित्र न केलेल्या कोपऱ्यात पुरलं. स्नानसंस्काराविना गेलेल्याला त्या काळच्या कायद्याप्रमाणे चर्चचं दफन मिळत नसे. असं बाळ लिंबोत जातं, तिथे दुःख नाही पण देवाचं दर्शनही नाही, एवढं आजीने कुणाकडून तरी ऐकलेलं. त्यानंतर तिने चार मुलं वाढवली, नातवंडं पाहिली. त्या सुईणीने पुढची सगळी बाळंतपणं केली आणि दोघी शेवटपर्यंत एकमेकींच्या घरी जात-येत राहिल्या. पण त्या बाळाबद्दल दोघी कधीच बोलल्या नाहीत. पाणी कसं घालायचं हे सुईणीला शिकवलं होतं. पाणी घालता येत नाही तेव्हा आईला काय सांगायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

ते तरुण फादर पटकन काही सांगून मोकळे झाले असते. त्यांनी तसं केलं नाही. "आजी, मला आत्ता सांगता येत नाही. मी वाचतो, विचारतो आणि तुमच्या घरी येतो," असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. त्याच आठवड्यात ते आले. ओसरीवर बसले, चहा घेतला. त्यांनी सांगितलं की लिंबो हे चर्चचं श्रद्धातत्त्व कधीच नव्हतं, ते धर्मपंडितांचं मत होतं. १९८३ साली चर्चचा नवा कायदा आला आहे आणि त्याप्रमाणे आईबापांना स्नानसंस्कार द्यायचा होता पण त्याआधीच मूल गेलं, तर बिशपांच्या परवानगीने त्याचा अंत्यविधी करता येतो. अशा बाळांना चर्च देवाच्या दयेवर सोपवते. आजी ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे नक्की तुम्हांलाही ठाऊक नाही." फादर म्हणाले, "नाही. पण आशा धरायला मनाई नाही." आजी म्हणाली, "मग एवढी वर्षं मला हे कुणी का नाही सांगितलं?" त्याला फादरांकडे उत्तर नव्हतं. पुढच्या मृतांच्या महिन्यात, नोव्हेंबरमध्ये, ते तिच्याबरोबर त्या कोपऱ्यात गेले आणि प्रार्थना केली. तिथे तिच्यासारख्याच आणखी तिघी आल्या होत्या. कुणी बोलावलं नव्हतं त्यांना.

१९९२ ची कॅथलिक धर्मशिक्षणाची अधिकृत पोथी या बाळांना देवाच्या दयेवरच सोपवते आणि त्यांच्या तारणाची आशा धरते. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र मंडळाने यावर सविस्तर लेख प्रसिद्ध केला आणि त्या आशेला गंभीर आधार आहेत असं म्हटलं. आजी तोवर गेली होती. मी तो लेख आत्याला वाचून दाखवला. आत्या आजीच्या त्या पहिल्या बाळाच्या पाठची.

त्या वर्गानंतर लोक बोलू लागले. १९८३ पासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो 'सुवार्ता' मासिकाचं संपादन करत होते आणि ते अंक आमच्याकडे हातोहात फिरत. मासिकात फक्त उपदेश नसायचा. वसईचं पाणी, जमिनी, दहशत, शेजारधर्म, साहित्य, सगळ्यावर लिहिलेलं असायचं. विश्वासाचा विचार देवळाबाहेरच्या जगातही करता येतो, हे आमच्या वडिलांच्या पिढीने त्यातून शिकून घेतलं. पुढे २०१० मध्ये दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' आलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. सगळ्या महाराष्ट्राने त्यांना साहित्यिक म्हणून मानलं. आमच्या घरात ते बायबल स्वयंपाकघराच्या फळीवर असतं, हळदीचे डाग पडलेलं, कारण आई तिथेच वाचायची.

आज धर्मग्रामात साधनांची कमतरता नाही. पहाटेच व्हॉट्सॲपवर दिवसाची वाचनं येतात. सभागृहात प्रोजेक्टर आहे. पुस्तकांचं कपाटही आहे, पण त्याला कुलूप असतं आणि किल्ली कुणाकडे असते ते दर वेळी शोधावं लागतं. मोठ्यांसाठी व्याख्यानं होतात. वक्ता दीड तास बोलतो आणि शेवटी, चहा थंड होत असताना, पाच मिनिटं प्रश्नांसाठी ठेवतात. येतात त्या बहुतेक बायका आणि निवृत्त पुरुष. पस्तीस-चाळिशीतली माणसं विरारच्या लोकलमध्ये उभी असतात. त्यांच्यासाठी संध्याकाळी सातचा वर्ग काढून उपयोग नाही, हे मी बैठकांत सांगत आले आहे.

जमतं ते छोट्या ख्रिस्ती समूहात. आमचा समूह महिन्यातून एकदा कुणाच्या तरी ओसरीवर किंवा आता फ्लॅटच्या हॉलमध्ये जमतो. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेने शुभवर्तमान वाचण्याची सात पायऱ्यांची पद्धत तयार केली, ती आम्ही वापरतो. उतारा वाचायचा, मनाला लागलेले शब्द प्रत्येकाने मोठ्याने म्हणायचे, गप्प बसायचं, मग आपल्याला काय जाणवलं ते सांगायचं. कुणी कुणाला उपदेश करायचा नाही. हा शेवटचा नियम पाळायला सगळ्यांत अवघड. आमच्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक तो अजून मोडतात आणि बायका त्यांना लगेच थांबवतात.

मागच्या वेळी एसटीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी विचारलं. मुलगा कॅनडात. तिथे त्यांच्या व्याह्यांचं दहन झालं आणि मुलाने रक्षेचा कलश घरातच ठेवला आहे. हे चालतं का? तरुण मंडळी म्हणाली, दहन आता चालतं. खरं आहे, १९६३ मध्ये चर्चने दहनावरची बंदी उठवली. पण रक्षेचं काय? एकीला २०१६ ची रोमची सूचना आठवली: रक्षा घरी ठेवू नये, विखरू नये, पवित्र जागी ठेवावी. काका म्हणाले, "पोराला हे मी फोनवर कसं सांगू? त्याच्यासाठी तो सासरा बापासारखा होता." फादर तिथेच बसले होते. ते म्हणाले की २०२३ च्या अखेरीस रोमहून याबद्दल आणखी काहीतरी आलं आहे, ते नीट वाचून सांगतो. पुढच्या बैठकीला त्यांनी ते आणलं: रक्षेचा अगदी थोडा भाग मृताच्या आयुष्यात महत्त्वाच्या असलेल्या जागी ठेवू देण्याचा विचार चर्चचा अधिकारी करू शकतो, बाकीची पवित्र जागी ठेवायची. काकांनी ते कागदावर लिहून घेतलं, मुलाला वाचून दाखवण्यासाठी. तेवढ्यात आत्याने विचारलं, महत्त्वाची जागा कोणती हे कोण ठरवणार, गेलेला माणूस की राहिलेले? आणि कोपऱ्यात बसलेल्या नर्स मुलीला वेगळंच काही विचारायचं होतं.